ट्रान्सप्लांटनंतर किडनी रिजेक्ट होऊ नये म्हणून काय करायचं: आधी पेशी समजून घ्या, मग गोळ्या

क्रॉसमॅच (दात्याची किडनी पेशंटच्या रक्ताला चालेल का ते बघायची टेस्ट) निगेटिव्ह आली, किडनी बसली, लघवी सुरू झाली, क्रिएटिनिन (किडनी किती काम करतेय ते सांगणारा रक्तातला आकडा) धडाधड खाली आलं, म्हणजे आता सुटलो, असं ज्यांना वाटतंय त्यांच्यासाठी हे लिहितेय. माझ्या धाकट्या भावाला आमच्या आईची किडनी बसवलीय. आम्ही कराडचे, फॉलोअप पुण्याला, आणि फाईल, रिपोर्ट, गोळ्यांचा हिशोब सगळा माझ्याकडे. त्यामुळे ओपीडीबाहेर बसलेली माणसं मलाच विचारतात, ताई हे डीएसए काय असतं, आता बरं वाटतंय तर एखादी गोळी कमी केली तर चालेल का. मी डॉक्टर नाही आणि डोस मी कुणालाच सांगत नाही, ते तुमचे नेफ्रोलॉजिस्ट, म्हणजे किडनीचे डॉक्टर, ठरवणार. पण नुसतं "गोळी चुकवू नका" हे शंभर वेळा ऐकून माणसं तरीही चुकवतात. आणि कुठली गोळी कुठल्या पेशीला धरून बसलीय हे एकदा डोक्यात शिरलं की चुकवत नाहीत, हे मी भावाच्या बाबतीत बघितलंय.

आधी भांडण कशावरून आहे ते बघा

आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीवर एचएलए नावाची प्रथिनं असतात, पेशीचं आधार कार्डच म्हणा. त्याची जीन्स सहाव्या क्रोमोसोमवर असतात, अर्धा संच आईकडून येतो, अर्धा बापाकडून. म्हणून आईवडील आणि मूल यांचं मॅचिंग कायम निदान निम्मं. सख्ख्या भावंडांत पूर्ण जुळायची शक्यता २५ टक्के, निम्मं जुळायची ५० टक्के आणि काहीच न जुळायची २५ टक्के. रिपोर्टमध्ये एचएलए-ए, बी आणि डीआर अशा जोड्या दिसतात, त्या याच.

पूर्ण जुळलं तर काय होतं ते बघायचं असेल तर १९५४ सालचं बोस्टन बघा. २३ डिसेंबरला डॉ. जोसेफ मरे यांनी रोनाल्ड हेरिकची किडनी त्याच्या जुळ्या भावाला, रिचर्डला बसवली. दोघं एकसारखे जुळे, त्यामुळे रिचर्डच्या पेशींना त्या किडनीत परकं असं काही दिसलंच नाही, आणि तो पुढे आठ वर्षं जगला. तेव्हा आजच्यासारखी औषधं नव्हती. म्हणजे सर्जरी लोकांना येत होती, अडत होतं ते पेशींपाशी.

आता तुमच्याआमच्यासारख्यांचं. टी सेल नावाच्या पांढऱ्या पेशी अंगभर फिरत एचएलए तपासत असतात. एखाद्या साध्या जंतूला ओळखणारे टी सेल लाखात एखादा असा हिशोब असतो, पण परक्या माणसाच्या एचएलएवर उठणारे टी सेल एकूणातले १ ते १० टक्क्यांपर्यंत निघतात. हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मला खरंच वाटेना. पण त्यावरूनच कळतं की न्यूमोनियाविरुद्ध शरीर जेवढं पेटून उठत नाही तेवढं ते आईच्या किडनीविरुद्ध उठू शकतं. माया वगैरे टी सेलला कळत नाही.

हे ओळखणं दोन वाटांनी होतं आणि हा भाग जरा नीट वाचा, कारण पुढचं सगळं यावर आहे. किडनीसोबत दात्याच्या काही डेंड्रायटिक पेशी (टी सेलना परकं काय ते दाखवणाऱ्या पेशी) पण येतात, त्या किडनीतून बाहेर पडून पेशंटच्या प्लीहेत आणि लसिका ग्रंथींमध्ये जातात आणि तिथे पेशंटचे टी सेल त्यांना थेट बघतात. ही थेट वाट. सुरुवातीच्या आठवडे-महिन्यांतला जोरदार हल्ला बहुतेक हिच्यातूनच. हळूहळू दात्याच्या त्या पेशी मरून संपतात आणि ही वाट मंदावते. दुसरी वाट अशी की पेशंटच्याच पेशी किडनीतून सुटलेले परक्या प्रथिनांचे तुकडे उचलतात आणि आपल्या टी सेलना नेऊन दाखवतात. ही वाट किडनी अंगात असेपर्यंत चालू राहते, दहा वर्षांनीसुद्धा. म्हणून पहिल्या काही महिन्यांत औषधं भरपूर असतात, मग कमी होत जातात, पण शून्यावर कधीच येत नाहीत. "पाच वर्षं झाली, आता शरीराला सवय झाली असेल की" असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी ही दुसरी वाट समजावून सांगते.

टी सेलमध्ये पण प्रकार आहेत. सीडी ४ हे बाकीच्यांना कामाला लावतात, सीडी ८ स्वतः जाऊन किडनीच्या पेशी मारतात. सीडी ४ नी बी सेलना मदत केली की बी सेलपासून प्लाझ्मा सेल होतात आणि त्या अँटीबॉडी सोडतात. नॅचरल किलर पेशी आणि मॅक्रोफेज पण यात हात धुऊन घेतात, पण घरी फाईल सांभाळणाऱ्या माणसाला टी सेल आणि अँटीबॉडी एवढं समजलं तरी भागतं.

ऑपरेशनच्या आधी काय करायचं

पहिलं, पेशंटच्या अंगात आधीच अँटीबॉडी तयार आहेत का ते शोधू द्या, आणि त्यासाठी जुना इतिहास लपवू नका. परक्या एचएलएशी आधी गाठ पडायचे तीन मोठे रस्ते आहेत, रक्त चढवणं, गरोदरपण आणि आधीचं ट्रान्सप्लांट. डायलिसिसवर असताना हिमोग्लोबिन सहावर आलं म्हणून कुठल्यातरी तालुक्याच्या ठिकाणी दोन बाटल्या रक्त चढवलं, असं खूप जणांचं असतं आणि ते सांगायचं राहतं. ते सांगायचं, तारखेसकट. आणि अजून डायलिसिसवर असाल तर रक्त चढवायची वेळ शक्यतो येऊ देऊ नका, एरिथ्रोपोएटिनची (रक्त वाढवणारी) इंजेक्शनं आणि आयर्न वेळेवर घ्या, आणि चढवावंच लागलं तर पांढऱ्या पेशी गाळलेलं रक्त मिळेल का ते विचारा.

बायकांच्या बाबतीत तर हे फारच महत्त्वाचं. पोटात वाढणाऱ्या बाळात निम्मं एचएलए नवऱ्याचं असतं, त्यामुळे दोनतीन बाळंतपणं झालेल्या बाईच्या रक्तात नवऱ्याच्या एचएलएविरुद्ध अँटीबॉडी सापडू शकतात. मग नवरा किंवा मुलगा किडनी द्यायला तयार असला, ब्लड ग्रुप पण जुळला, तरी क्रॉसमॅच पॉझिटिव्ह येते. अर्धवट राहिलेलं गरोदरपण पण यात धरायचं. सासूबाई समोर बसल्यात म्हणून बाई गर्भपाताचं बोलत नाही, हे मी बघितलंय. डॉक्टरांना एकटीने भेटून सांगा पण सांगा. (आपल्याकडे किडनी देणाऱ्यांत बायकाच जास्त आणि मिळणाऱ्यांत पुरुष, तो वेगळाच विषय आहे, त्यावर बोलायला लागले तर हे लिहून व्हायचं नाही.)

टेस्ट साधारण अशा असतात. सीडीसी क्रॉसमॅचमध्ये दात्याच्या लिम्फोसाइट आणि पेशंटचं सीरम एकत्र करून पेशी मरतात का ते बघतात. फ्लो क्रॉसमॅच त्याहून बारीक. आणि ल्युमिनेक्स नावाच्या मशीनवर डीएसए बघतात, म्हणजे याच दात्याच्या एचएलएविरुद्धच्या अँटीबॉडी, त्यात एमएफआय असा एक आकडा येतो. तो आकडा गूगलवर टाकून घाबरू नका, वेगवेगळ्या लॅबचे आकडे एकमेकांशी लावून बघायचे नसतात, आणि सीडीसी, फ्लो, डीएसए तिन्ही मिळून अर्थ लावतात. या टेस्ट नीट व्हायला लागल्यापासून हायपरअॅक्यूट रिजेक्शन जवळपास दिसेनासं झालंय. पूर्वी रक्त सुरू केल्यावर टेबलावरच मिनिटांत किडनी निळी पडून मऊ व्हायची, कारण अँटीबॉडी आधीपासून तयार असायच्या. तपासणीनंतर ऑपरेशनच्या आधी परत रक्त चढवावं लागलं तर तसं कळवा, टेस्ट परत लागेल.

जुळत नसेल तर लगेच हातपाय गाळू नका. २०११ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात स्वॅपला जागा आहे, दोन कुटुंबांनी दाते अदलाबदल करायचे. ब्लड ग्रुप न जुळताही ट्रान्सप्लांट होतात, आधी प्लाझ्मा बदलून किंवा कॉलममधून अँटीबॉडी काढून आणि बी सेलवरचं रिटुक्सिमॅब देऊन, पण खर्च आणि इन्फेक्शनचा धोका दोन्ही वाढतात. आणि मेंदू मृत दात्याच्या यादीत नाव घातलं नसेल तर घालून ठेवा, महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या झेडटीसीसी म्हणजे अवयव वाटप बघणाऱ्या विभागीय केंद्रांमार्फत ते होतं, नोंदणी हॉस्पिटलमधूनच करतात.

लसी पण आधीच उरकून घ्या. हिपॅटायटिस बी, न्यूमोकॉकल वगैरे. ट्रान्सप्लांटनंतर टी सेल आणि बी सेल दाबलेले असल्यामुळे लस घेतली तरी शरीर नीट प्रतिसाद देत नाही, आणि जिवंत विषाणू असलेल्या लसी (कांजिण्या, एमएमआर) तर नंतर घ्यायच्याच नसतात.

कुठली गोळी कुणाला थांबवते

टी सेल पेटायला तीन इशारे लागतात. पहिला, परकं एचएलए दिसणं. दुसरा, समोरच्या पेशीवरच्या अजून एका रेणूने खूण पटवणं. तिसरा, इंटरल्यूकिन-२ नावाचं रसायन, जे मिळालं की एका टी सेलचे हजारो होतात. तुमच्या डब्यातलं रिजेक्शनचं प्रत्येक औषध यातल्या कुठल्यातरी पायरीवर किंवा तिच्या पुढे बसलेलं आहे.

ऑपरेशनच्या दिवशी आणि चौथ्या दिवशी सलाईनमधून बॅसिलिक्सिमॅब दिलं असेल तर ते इंटरल्यूकिन-२ ची जागा अडवतं. धोका जास्त असेल तर एटीजी देतात, ते टी सेल सरळ मारूनच टाकतं आणि ते परत भरून यायला महिने लागतात, म्हणून त्यानंतरचे काही महिने मास्क, गर्दी, बाहेरचं पाणी याबाबत जास्तच कडक राहायचं.

टॅक्रोलिमस हे मुख्य औषध. पहिला इशारा आत पोचला की टी सेलमध्ये कॅल्सिन्यूरिन नावाचं एन्झाइम चालू होतं आणि त्यातून इंटरल्यूकिन-२ बनतं. टॅक्रोलिमस ते कॅल्सिन्यूरिनच बंद ठेवतं. हे औषध १९८४ मध्ये जपानमधल्या त्सुकुबाच्या मातीतल्या जिवाणूत सापडलं, त्याच्या आधीचं सायक्लोस्पोरिन नॉर्वेच्या मातीतल्या बुरशीत. बारा तासांनी एक असा डोस असतो कारण रक्तातलं प्रमाण खाली गेलं की एन्झाइम परत चालू होतं. (दिवसातून एकदा घ्यायचा प्रकार पण असतो, तुमचा कुठला ते बघा, दोन्ही एकमेकांच्या जागी घ्यायचे नाहीत.)

मायकोफेनोलेट तिसऱ्या पायरीनंतर काम करतं. पेटलेल्या टी आणि बी सेलना दुप्पट-चौपट व्हायला नवीन डीएनए बनवावा लागतो, त्याचा कच्चा माल हे औषध तोडतं. त्यामुळे अँटीबॉडीवर पण लगाम राहतो. याने पोट बिघडतं, जुलाब होतात, आणि लोक सगळ्यात आधी हीच गोळी स्वतःहून बंद करतात. बंद करू नका, डॉक्टरांना सांगा, डोस वाटून देता येतो किंवा दुसरा प्रकार देता येतो. मूल हवं असलेल्या बाईने मात्र हे आधीच बोलायचं, गर्भाला हे घातक आहे, निदान दीड महिना आधी बदलून अझाथायोप्रिनवर आणतात. आणि अझाथायोप्रिन चालू असताना कुणी युरिक अॅसिडसाठी अॅलोप्युरिनॉल किंवा फेबुक्सोस्टॅट लिहून दिलं तर घेऊ नका, आधी नेफ्रोलॉजिस्टना फोन करा, दोन्ही एकत्र घेतलं तर पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत उतरतात.

प्रेडनिसोलोन सगळ्यांनाच थोडं थोडं दाबतं. तोंड सुजतं, शुगर वाढते, भूक लागते, भावाने रात्री अकराला उठून पोहे केलेत. पण अचानक बंद करायचं औषध नाही ते.

टॅक्रो लेव्हल नीट कशी द्यायची

लेव्हल म्हणजे पुढची गोळी घ्यायच्या अगदी आधीचं रक्तातलं प्रमाण, दिवसातलं सगळ्यात कमी. रात्री नऊला गोळी घेतली तर सकाळी नऊच्या आसपास रक्त द्यायचं आणि मग गोळी. हे इतकं साधं आहे तरी सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. मागे लॅबच्या रांगेत साताऱ्याकडचे एक काका पुढे होते, मी सहज विचारलं, "काका, गोळी नाही ना घेतली?" तर म्हणाले, "घेतली की, आठच्या ठोक्याला, आपलं काम चोख!" त्यांचं रक्त तसंच गेलं असतं तर लेव्हल खूप वर आली असती, डॉक्टरांनी डोस कमी केला असता आणि खरी लेव्हल खाली जाऊन टी सेल मोकळे सुटले असते. ते परत दुसऱ्या दिवशी आले. तर गोळी पिशवीत घेऊन जायची, सुई टोचून झाली की तिथेच घ्यायची, आणि फॉर्मवर आदल्या रात्रीच्या गोळीची वेळ आणि रक्त दिल्याची वेळ दोन्ही लिहून द्यायच्या. रक्त जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये घेतात, कारण हे औषध लाल पेशींना धरून असतं आणि अख्खं रक्त लागतं. शक्यतो दर वेळी एकाच लॅबला द्या.

परस्पर कंपनी बदलू नका. मेडिकलवाला म्हणतो "तेच आहे, दुसऱ्या कंपनीचं, स्वस्त पडेल", तर घ्यायचं नाही असं नाही, पण डॉक्टरांना सांगून आणि नंतर लेव्हल करून. घरात किमान पंधरा दिवसांचा साठा हवाच, पावसाळ्यात घाट बंद पडतात.

एक डोस राहिला तर? लवकर लक्षात आलं तर घ्या, पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल तर दुप्पट घेऊ नका, किती तासांपर्यंत चालतं ते तुमच्या डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या आणि फ्रिजवर चिकटवा. उलटी झाली तर काय करायचं ते पण त्याच कागदावर. एखाद्या वेळी राहिलं तर जग बुडत नाही, पण जे लोक आठवड्यातून दोनतीन डोस असेच सोडतात त्यांच्यात हळूहळू नवीन डीएसए तयार होतात, आणि एकदा प्लाझ्मा सेल अँटीबॉडी सोडायला लागल्या की त्या आवरायला फार अवघड. कॉलेजच्या वयातली मुलं यात जास्त सापडतात. हॉस्टेलवर कुणाला कळू नये म्हणून मित्रांसमोर गोळी घ्यायची टाळतात, त्यांच्या रूममेटलाच विश्वासात घ्या.

इम्युनिटी वाढवू नका

हे ठळक लिहायला हवं. नातेवाईक प्रेमाने गुळवेलीचा काढा, अश्वगंधा, च्यवनप्राश, इम्युनिटी बूस्टर पावडरी घेऊन येतात. आपण महिन्याला हजारो रुपये खर्च करून जी इम्युनिटी दाबून ठेवलीय तीच वाढवायची म्हणजे काय! मावशीला वाईट वाटेल म्हणून घोटभर घेऊ नका. काढ्यांचं दुसरं असं की त्यात काय काय पडलंय ते कुणालाच माहीत नसतं आणि लेव्हल वरखाली होते.

पपनस आणि ग्रेपफ्रूट बंद. आतडं आणि लिव्हरमधलं जे एन्झाइम टॅक्रोलिमस फोडतं त्याला ही फळं अडवतात आणि लेव्हल चढते. फ्लुकोनॅझोलसारखी बुरशीची औषधं, क्लॅरिथ्रोमायसिन, डिल्टियाझेम यांनी पण लेव्हल चढते. उलट टीबीचं रिफाम्पिसिन आणि फिटची फेनिटॉइन, कार्बामाझेपिन यांनी लेव्हल धाडकन पडते, आणि आपल्याकडे टीबी काही दुर्मिळ नाही, त्यामुळे टीबीचे उपचार सुरू करणाऱ्या डॉक्टरांना ट्रान्सप्लांटचं सांगायलाच हवं. जुलाब लागले की औषध बाहेर पडून लेव्हल कमी होईल असं वाटतं, पण बऱ्याचदा ती वाढते, म्हणून चारपाच जुलाब झाले तरी फोन करायचा. अंग दुखलं म्हणून डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन नको, पॅरासिटामॉल घ्या. नेहमीच्या भाजी-आमटीतली हळद चालते, हळदीच्या कॅप्सूल नकोत.

क्रिएटिनिन वाढलं तर

पूर्वी ताप, किडनीच्या जागी दुखणं, लघवी कमी होणं अशी लक्षणं यायची. आताच्या औषधांवर बहुतेक वेळा काहीच होत नाही, माणूस ठणठणीत असतो आणि फक्त रिपोर्टमध्ये आकडा सरकतो. म्हणून स्वतःचं बेसलाइन, म्हणजे एरवीचं क्रिएटिनिन, पाठ पाहिजे. भावाचं १.१ असतं. लॅबच्या कागदावर १.३ नॉर्मलमध्येच दिसतं, लाल खूण येत नाही, पण १.१ वाल्यासाठी १.३ च्या पुढे जाणं म्हणजे फोन करायची वेळ. एका वहीत तारीख, क्रिएटिनिन, टॅक्रो लेव्हल, वजन, बीपी एका ओळीत लिहीत जा. डॉक्टरांना शंभर पानांच्या फाईलपेक्षा ते एक पान आवडतं.

मग कारण शोधतात. पाणी कमी प्यायलं, लेव्हल जास्त झाली (टॅक्रोलिमस स्वतःच किडनीला त्रास देतं, हात थरथरतात), युरिन इन्फेक्शन, नळीला अडथळा, हे सगळं बघून झालं की बायोप्सी, म्हणजे सुईने किडनीचा बारीक तुकडा काढून तपासणं. बायोप्सीला लोक फार घाबरतात. पण विचार करा, टी सेलने केलेलं रिजेक्शन असेल तर औषधं वाढवावी लागतात आणि बीके व्हायरस (इम्युनिटी दाबलेली असताना किडनीत डोकं वर काढणारा विषाणू) असेल तर औषधं कमी करावी लागतात. दोन्हीत क्रिएटिनिन सारखंच वाढतं. अंदाजाने उपचार केले आणि अंदाज चुकला तर किडनीच जाते. म्हणून सुई.

रिपोर्टमध्ये बॅन्फ असा शब्द दिसेल, कॅनडातल्या बॅन्फ गावात १९९१ मध्ये पॅथॉलॉजिस्ट जमले आणि जगभर एकाच मापाने बायोप्सी वाचायची ठरलं, ते हे वर्गीकरण. ट्यूब्युलायटिस लिहिलं असेल तर टी सेल किडनीच्या नळ्यांच्या भिंतीत घुसलेत. सी४डी पॉझिटिव्ह असेल तर अँटीबॉडी बारीक रक्तवाहिन्यांवर बसल्याची ती खूण. पहिल्या प्रकारात बहुतेक तीन दिवस मिथाइल प्रेडनिसोलोन शिरेतून देतात, नाही ऐकलं तर एटीजी, आणि वेळेत पकडलं तर बरेचदा आकडा परत खाली येतो. दुसरा प्रकार चिवट. प्लाझ्माफेरेसिस (प्लाझ्मा बदलणं), आयव्हीआयजी (शिरेतून दिलेल्या तयार अँटीबॉडी), रिटुक्सिमॅब, सगळं करूनही कधी कधी आहे तेवढी किडनी टिकवणं हेच उद्दिष्ट राहतं. तिसरं म्हणजे वर्षानुवर्षं चालणारं क्रॉनिक, ज्यात किडनी हळूहळू निबर होते आणि लघवीतून प्रोटीन जायला लागतं, म्हणून नुसतं क्रिएटिनिन नको, युरिन प्रोटीन पण करत जा.

ताप आला तर घरी क्रोसिन घेऊन दोन दिवस वाट बघायची नाही. सीएमव्हीसारखा विषाणू स्वतः त्रास देतोच, वर टी सेलना जागं करून रिजेक्शनलाही आमंत्रण देतो, म्हणून पहिले काही महिने व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर देतात, आणि न्यूमोसिस्टिस नावाच्या फुप्फुसाच्या इन्फेक्शनपासून वाचवायला कोट्रायमोक्साझोल. डॉक्टरांनी बंद करेपर्यंत ती पण चालूच ठेवा.

आणि शरीर किडनी स्वीकारतं ते कसं

सगळेच टी सेल मारामारी करणारे नसतात. रेग्युलेटरी टी सेल, थोडक्यात टी-रेग, बाकीच्यांना शांत करतात. जपानचे शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये हे दाखवलं, पुढे अमेरिकेत मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी त्यामागचं फॉक्सपी३ जीन शोधलं, आणि तिघांना २०२५ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. गंमत म्हणजे टी-रेगना पण जगायला इंटरल्यूकिन-२ लागतं, आणि टॅक्रोलिमस तेच बनू देत नाही. म्हणजे आपलं मुख्य औषध भांडखोरांबरोबर शांत करणाऱ्यांनाही उपाशी ठेवतं! म्हणूनच पेशंटचे टी-रेग बाहेर काढून वाढवून परत द्यायचे प्रयोग चालू आहेत.

दुसरी वाट बोन मॅरोची. बोस्टनमध्ये किडनीसोबत दात्याचा बोन मॅरो देऊन, दोघांच्या पेशी काही काळ एकत्र नांदवून, काही जणांची औषधं पूर्ण बंद करता आली, हे २००८ मध्ये प्रसिद्ध झालं. आपल्या शेजारी अहमदाबादला डॉ. एच. एल. त्रिवेदी यांनी दात्याच्या स्टेम सेल देऊन औषधं कमी करण्यावर वर्षानुवर्षं काम केलं. लिव्हरचं वेगळंच आहे, ते अवयव म्हणून मुळातच सोशीक, निवडक लिव्हर पेशंटमध्ये डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषधं बंद करून बघितली तर काहींचं निभावतं. किडनीत असं आपोआप होणं फारच क्वचित. त्यामुळे लिव्हरवाल्या ओळखीच्या माणसाने "माझं बंद झालं" म्हटलं म्हणून आपलं बंद करायचं नाही.

व्हॉट्सअॅपवर "स्टेम सेल घ्या, गोळ्या कायमच्या सोडा" असे मेसेज फिरतात. कुणी अशी ऑफर दिली तर विचारायचं, ही ट्रायल सीटीआरआयवर (ट्रायलची सरकारी नोंदवही) नोंदलीय का, नंबर काय, एथिक्स कमिटीची मंजुरी कुठली, आणि माझ्याकडून पैसे का घेताय. भारतात आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या नियमांप्रमाणे रक्ताचे वगैरे ठरावीक आजार सोडले तर स्टेम सेल फक्त ट्रायलमध्येच देता येतात, आणि ट्रायलसाठी पेशंटकडून पैसे घ्यायचे नसतात. उत्तर गोलमाल आलं तर तिथून उठायचं आणि तो कागद पुढच्या व्हिजिटला आपल्या नेफ्रोलॉजिस्टना दाखवायचा, तोवर सकाळ-संध्याकाळची गोळी आहे तशीच चालू.